नाना, हात कोणापुढे जोडायचे?

नाना,

तुमच्या दहाव्याला डोणगावात मंडप पुरला नाही. लोक रस्त्यापर्यंत उभे होते. एकामागून एक उठून बोलले. कुणी तुमची शेती सांगितली, कुणी शाळेला दिलेली जागा, कुणी तुमचा तो दोन वावरं पलीकडे ऐकू जाणारा आवाज. एक जण म्हणाला, "मधल्या काळातल्या अडचणींवर नानांनी जिद्दीनं मात केली." दुसरा म्हणाला, "काही वर्षं त्यांना तब्येतीची साथ नव्हती." दारू हा शब्द कुणीच उच्चारला नाही. मी मागं एका ट्रॉलीला टेकून उभा होतो आणि वाटत होतं, आता तुम्ही उठाल आणि त्या माइकवाल्याला बाजूला सारून म्हणाल, "अडचण-फिडचण काही नव्हती बे. मी दारुडा होतो. दारुडा हाये."

पण तुम्ही फोटोत होतात. फोटो घरच्यांनी जुना निवडला होता, फेट्यातला, रुबाबदार. गावाला तो तुमच्या ऐन उमेदीचा वाटला असेल. मी तुमचे त्या फोटोतले डोळे ओळखले, नाना. पापण्या जड, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला. ते पिण्याच्या दिवसांतले डोळे होते आणि लोक रांगेनं येऊन त्यांच्यापुढं फुलं ठेवत होते.

तुमच्या मुलानं मला विचारलं, "मास्तर, दोन शब्द बोलता का?" मी नाही म्हणालो. बोललो असतो तर तो शब्द आला असता, आणि घरच्यांनी ज्याच्यावर पांघरूण घातलं ते उचलायचा मला काय अधिकार? म्हणून आता तुमच्याशीच बोलतो. तुम्ही काही मनाला लावून घेणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा मेहकरला आमच्या घरी आलात तेव्हा भर दुपार होती आणि मी पडवीत लोळलेलो होतो. सुनंदा माहेरी निघून गेली होती. शाळेतून मला घरी बसवलं होतं. मुख्याध्यापकांनीच तुम्हाला माझा पत्ता दिला, हे मला नंतर कळलं. तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "पाणी दे रे थोडं." मी डोळे किलकिले करून पाहिलं. पांढरं धोतर, पायात कातडी जोडा, कपाळाला गंध. अशा माणसांना मी लहानपणापासून ओळखत आलो होतो. आमच्या बौद्धांच्या वस्तीत येऊन असा माणूस पाणी मागतो म्हणजे त्याला ते पाणी पिताना कुणीतरी पाहावं असं वाटत असतं, असं माझं ठाम मत होतं.

मी म्हणालो, "आमच्या घरचं पाणी पिऊन दाखवायला आलात काय?"

तुम्ही म्हणालात, "मले तहान लागली बे. बस स्टँडवरून चालत आलो."

आणि पायरीवर बसलात. मग मीच उठलो, भिंतीला धरून आत गेलो आणि तांब्या आणला. माझा हात असा थरथरत होता की निम्मं पाणी तुमच्या धोतरावर सांडलं. तुम्ही उरलेलं प्यालात आणि म्हणालात, "माहा हात याच्याहून जास्त हाले. मी तं बशीत तोंड घालून चहा पे." एवढंच. उपदेश नाही, पुस्तक नाही, बायकोची आठवण काढणं नाही. माणसाला माणसाची लाज वाटू नये म्हणून जेवढं बोलावं लागतं तेवढंच तुम्ही बोललात.

तुम्ही मला तू म्हणता याचा मला कितीतरी दिवस राग होता. मी शिक्षक, तुम्ही पाटील, आणि पाटलाच्या तोंडचा तू आमच्या घरात पिढ्यांपासून ओळखीचा. मग एकदा तुम्ही तहसीलदारालाही तू म्हणालात आणि त्याच दमात देवालाही, तेव्हा माझा राग थोडा निवळला.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभेची ती खोली. गुरुवारी संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली आपण मोठी माणसं. एक हमाल, एक सोनार, एक एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, अधूनमधून येणारा एक वकील. प्रत्येकानं आपलं सांगायचं, दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. ते मला पहिल्याच दिवशी पटलं. पटलं नाही ते शेवटचं. सगळे उभे राहिले, हात जोडले आणि प्रार्थना म्हणू लागले. मी बसूनच राहिलो.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलं, "काऊन उठला नाही?"

"मी देव मानत नाही."

"मंग नको मानू. उभं राहाले काय झालं?"

तेव्हा मी तुम्हाला माझ्या आजोबांचं सांगितलं. चावडीपुढून जाताना ते वहाणा हातात घेत आणि मान खाली घालत. माझ्या वडिलांनी मला लिहायला शिकवायच्या आधी ताठ उभं राहायला शिकवलं. पाठीत हलकेच बुक्की मारून म्हणत, "मान वर." आमच्या घरात ताठ मान हाच धर्म होता. आता तुम्ही सगळे मला सांगता की दारू सुटायची असेल तर नम्र हो, शरण जा, हात जोड. कुणापुढं? आमची माणसं शेकडो वर्षं नम्रच होती, नाना. नम्रतेनं आमचं काय भलं झालं?

आपण बस स्टँडपर्यंत चालत गेलो. तिथं तुम्ही म्हणालात, "तुह्या आजाले माह्या आजापुढं वाका लागलं. मी काही तुले त्याच्यापुढं वाकाले सांगून नाही राह्यलो."

"मग कोणापुढं?"

"मले माईत नाही. मले एवढंच माईत हाये, का थो मी नाही."

मी हसलो होतो. अडाणी उत्तर वाटलं होतं मला. पण त्या रात्रीपासून ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण माझं खरं दुखणं तेच होतं. देव नाही हे मी मान्य केलं होतं, आणि त्याची रिकामी जागा मीच अडवून बसलो होतो. माझी दारू मीच सोडणार, मला वाटेल तेव्हा, माझ्या बुद्धीच्या बळावर. विहारात पौर्णिमेला वंदना होई तेव्हा पंचशील मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणत असे. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. ते म्हणतानाही माझ्या खिशात क्वार्टर असायची.

मी उभा राहू लागलो. हात मात्र मांडीला चिकटलेलेच. तुम्ही पुन्हा कधी टोकलं नाही. फक्त एकदा नव्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणालात, "हे मास्तर. हे देवासंगं बोलत नाही, पण सभा चुकवत नाही." सगळे हसले, मीही हसलो. सुनंदा परत आली. शाळेनं परत घेतलं. दिवस जात राहिले, आणि गुरुवार आला की तुम्ही डोणगावहून बसनं येत राहिलात.

मग हरिभाऊंचं झालं.

हरिभाऊ तुमच्याच गावचे, आमच्या समाजाचे, तुमच्या वडिलांच्या काळापासून तुमच्या शेतात राबलेले. पिण्याच्या दिवसांत एकदा तुम्ही त्यांना भर बाजारात सगळ्यांदेखत चपलेनं मारलं होतं. कारण काय होतं हे तुम्हालाही आठवत नव्हतं. सभेत तुम्ही हे सांगितलं तेव्हा खोलीत कुणी मान वर करून पाहिलं नाही. ज्याचं वाईट केलं त्याच्याकडं जाऊन कबूल करायचं, ही आपल्या सभेची रीत. बाकी सगळ्यांकडं तुम्ही गेला होतात. हरिभाऊ राहिले होते. तुम्ही मला म्हणालात, "संगं चाल."

मी म्हणालो, "मी कशाला? त्यांचा जातवाला बरोबर असला म्हणजे दार उघडेल म्हणून?"

तुम्ही म्हणालात, "हाव. थे बी हाये. आणि मले एकट्याले भेव लागते."

खरं बोललात म्हणून मी आलो.

हरिभाऊ अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पाहिल्याबरोबर त्यांनी तुम्हाला ओळखलं, पण उठले नाहीत. तुम्ही जोडा काढला, पुढं गेलात आणि त्यांच्या पायांकडं वाकलात. त्यांनी पाय मागं ओढले.

"पाया नोको पडू," ते म्हणाले. "उभ्यानं मारलं होतं ना? उभ्यानंच बोल."

तुम्ही सरळ झालात. तुमचे हात कुठं ठेवावेत हे तुम्हाला कळत नव्हतं. इतका मोठा माणूस, आणि शाळेत धडा न आलेल्या पोरासारखा. पाया पडणं सोपं होतं, नाना, हे मला तेव्हा दिसलं. त्यात तोंड लपतं. तुम्ही त्यांच्या डोळ्यांत पाहून सांगितलं की तुम्ही काय केलं, कुठं केलं, कोणकोण पाहत होतं. "दारू पेलो होतो" असं म्हणाला नाहीत. "मी मारलं" म्हणालात.

हरिभाऊंनी सगळं ऐकलं. हातातली शेंग सोलून झाली. मग म्हणाले, "आयकलं. जाय आता."

"हरिभाऊ, माफ…"

"आयकलं म्हणलो ना. माफ-बिफ माह्याजवळ नाही."

आपण परत फिरलो. थांब्यावर बसची वाट पाहत असताना तुम्ही म्हणालात, "मोकळं वाटीन वाटलं होतं. नाही वाटलं." आणि मी, ज्यानं नुकतंच काहीतरी पाहिलं होतं जे आयुष्यभर पुरेल, मी म्हणालो, "तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून त्यांनी पुन्हा ते सगळं सोसायचं काय? टाळ्या हव्या होत्या तुम्हाला."

पुढचे काही गुरुवार तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोललात. मग एक दिवस, खोली झाडताना, केरसुणी हातात धरून म्हणालात, "तू बरोबर बोलला होता मास्तर. पण अर्धं."

"उरलेलं अर्धं काय?"

"सांगन."

मी किती वेळा विचारलं. चहाच्या टपरीवर, तुमच्या गोठ्यात, एकदा फोनवरही. तुम्ही दर वेळी म्हणालात, "सांगन." आता मी एकटाच ते उरलेलं अर्धं शोधत बसतो. कधी वाटतं, तुम्हाला म्हणायचं होतं की टाळ्या हव्या होत्या हे खरं, पण तरीही जायलाच हवं होतं. कधी वाटतं, माफी न मिळताही माणूस प्यायल्यावाचून राहू शकतो, हे तुम्हाला त्या थांब्यावर कळलं असावं. कधी वाटतं, तुम्हालाही ते माहीत नव्हतं आणि नुसती माझी जिरवायची होती.

आणि माझं अर्धं, जे मी सांगितलं नाही, ते हे. त्या अंगणात माझं भांडण मिटलं होतं. मला वाटायचं नम्रता म्हणजे वाकणं, आणि वाकणं आमच्या हाडांना ठाऊक असलेलं जुनं दुःख. हरिभाऊंनी तुम्हाला वाकू दिलं नाही. त्यांनी तुम्हाला ताठ उभं केलं, आणि तुम्ही ताठ उभे राहून जेवढे लहान झालात तेवढा लहान झालेला माणूस मी पाहिला नव्हता. तेव्हा मला कळलं की वडिलांनी शिकवलेली मान खाली न घालताही हे करता येतं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी अंगणात उभा राहून दोन वाक्यं म्हणू लागलो. मान सरळ, हात मोकळे. कुणाला उद्देशून ते मला माहीत नाही. मी नव्हतो एवढं खरं. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही किती खूश झाला असता, आणि गुरुवारी सगळ्यांना सांगत सुटला असता. बहुधा म्हणूनच सांगितलं नाही.

मग तुमचं पोट फुगू लागलं. दारू सोडून इतका काळ गेला होता की तुमच्या नातवंडांनी तुम्हाला कधी प्यायलेलं पाहिलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर तेव्हाच गेलं होतं, इतके दिवस कसं चाललं तेच नवल. अकोल्याच्या दवाखान्यात मी शनिवारी दुपारी येत असे. तुमचा रंग हळदीसारखा झाला होता आणि तो आवाज, तो दोन वावरांपलीकडचा आवाज, खाटेच्या कडेपर्यंत येईना.

अशाच एका दुपारी तुमच्या नात्यातले एक जण आले. चांगला माणूस. तुमच्यावर जीव असलेला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आणि त्यात पाणी नाही हे मला लांबूनच वासानं कळलं. ते म्हणाले, "नाना, आता पथ्य कायचं ठेवता? घ्या घोटभर. बरं वाटीन जिवाले."

तुम्ही त्या बाटलीकडं पाहत राहिलात. मीही पाहत राहिलो. त्या क्षणी मला तुम्हाला थांबवायचं बळ नव्हतं, नाना. माझ्याच जिभेवर चव आली होती.

तुम्ही म्हणालात, "मास्तर, मले बसवून दे."

मी तुमच्या पाठीशी उशी लावली. तुम्ही हात उचलायला गेलात. एका हाताला सलाइन, दुसरा सुजून लाकडासारखा झालेला. ते एकमेकांपर्यंत पोचेनात.

"जोडता नाही येऊन राह्यले," तुम्ही म्हणालात. "तू जोड. माह्या बदली."

मी हात जोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुमच्यासमोर. आता काय म्हणावं ते मला सुचेना. तुम्हीच म्हणालात, "तुमचं थे म्हण. विहारातलं." मी पंचशील म्हणालो, हळू, कारण शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला होता. पाचव्याला माझा आवाज फाटला. ते पाहुणे उठले, बाटली पिशवीत घातली, डोळे पुसले आणि निघून गेले.

मग तुम्ही विचारलं, "शेवटी काय म्हणते रे ते परत परत?"

"समादियामि."

"म्हंजे?"

"हा नियम मी घेतो."

"कोणी देत नाही?"

"नाही. आपणच घ्यायचा."

"हे तं लय अवघड हाये बे." थोडा वेळ तुम्ही डोळे मिटून होतात. झोपलात असं वाटलं. मग म्हणालात, "आणि सुटला तं?"

"परत घ्यायचा."

"हां," तुम्ही म्हणालात. "मंग तुमचं आमचं एकच हाये."

आपलं शेवटचं बोलणं हेच. त्याच आठवड्यात फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होतो. मुलं बेरजा करत होती. मी खडू ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. वाटलं होतं की प्यावंसं वाटेल. नाही वाटलं. नुसतं तुम्हाला फोन करून सांगावंसं वाटलं, की नाना, असं असं झालं, काय करू.

गुरुवारची सभा आता मी घेतो. घेता येत नाही मला. तुम्ही गप्प बसायचात ती जागा मला सापडत नाही, मी मास्तरासारखा बोलत सुटतो. परवा तो हमाल मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही लय समजावता. नाना नुसते बसत." बरोबर बोलला.

काल मी तुमच्या पत्नीला, माईंना, भेटायला डोणगावला गेलो. दहाव्याच्या गर्दीत त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गहू निवडत बसल्या होत्या. मला समोर बसायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्हाले एक इचारू? हे रोज सकाळी न्हानीतून आले का त्या खिडकीजवळ उभे राहात, डोये मिटून. ओठ हालत. इतकी वर्षं. ते काय म्हणत हो?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही.

नाना, आपण इतकं भांडलो. कोणाला म्हणता, कशाला म्हणता, वाकून म्हणायचं की उभ्यानं. तुम्ही काय म्हणता हे मी कधी विचारलंच नाही. माईंना वाटलं होतं मास्तरला माहीत असेल. मला वाटत होतं ते घरच्यांना माहीत असेल.

"मला नाही माहीत, माई," मी म्हणालो. "तुम्ही कधी विचारलं नाही?"

"कसं इचारू? थे त्यायचं होतं." त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुम्ही म्हणता का काही?"

सुनंदालाही मी हे कधी सांगितलेलं नाही. पण माईंना नाही म्हणवेना. मी सांगितलं, की मी सकाळी अंगणात उभा राहतो आणि म्हणतो, माझ्या एकट्यानं होत नाही. आजच्या दिवस सोबत राहा.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांचे हात सुपावर थांबले. त्या खिडकीकडं पाहत राहिल्या. बाहेर कुणीतरी बैलांना पाणी पाजत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मी बी हेच म्हणो," त्या म्हणाल्या. "हे पीत होते तवा. चुलीपुढं बसून, रोज."

मग पदरानं तोंड पुसून त्या चहा ठेवायला उठल्या.